नॉर्वेकरांचं घर

रामचंद्र मेस्त्रीने उभ्या आयुष्यात पुष्कळ घरांना हात लावला होता, पण कंटेनरमधून उतरवलेलं घर त्याने पहिल्यांदाच पाहिलं. शारजाच्या औद्योगिक भागात, गॅरेजांच्या आणि रंगाच्या वर्कशॉपांच्या दाटीत त्याच्या कंपनीची मोठी पत्र्याची शेड होती. एरवी तिथे हॉटेलांचे दरवाजे, मॉलमधल्या दुकानांची काउंटरं असलं काम चालायचं. त्या जानेवारीत मात्र दोन चाळीसफुटी कंटेनर आले आणि त्यांतून क्रेनने एक्याऐंशी ओंडके बाहेर काढले. पाइनचे ओंडके, कुऱ्हाडीने तासून चौकोनी केलेले, वयाने काळवंडलेले. एकेक सरकवायला सहा-सहा माणसं लागायची.

मनाली नावाची तरुण आर्किटेक्ट या कामावर होती. आईवडील पुण्याचे, पण ती वाढली दुबईतच. मराठी बोलायची, फक्त प्रत्येक वाक्यात चार शब्द इंग्रजी. तिने सगळ्यांना उभं करून समजावलं. दीडशे वर्षांपूर्वी नॉर्वेतून पोटामागे अमेरिकेत गेलेल्या एका कुटुंबाने तिथल्या बर्फाळ माळावर हे घर बांधलं, आपल्या गावाकडे बांधतात तसं. ओंडक्यांवर ओंडके, कोपऱ्यात एकमेकांत अडकवलेले, खिळा जवळजवळ नाहीच. खाली दोन खोल्या, वर पोटमाळा. आता शारजाच्या बाहेर एक खासगी संग्रहालय उभं राहत होतं, जगभरातल्या साध्या माणसांच्या जुन्या घरांचं. तिथे हे घर जायचं होतं. त्याआधी शेडमध्ये एकदा पूर्ण उभं करून बघायचं, खराब लाकूड दुरुस्त करायचं, मग पुन्हा सोडवून न्यायचं.

"म्हणजे गावची पद्धत घेवन परदेशात ग्येलली माणसा," रोशन म्हणाला. "मेस्त्रीकाका, ही आमच्याकडची असती तर आडनाव काय पडला असता? नॉर्वेकर!"

तेव्हापासून शेडमधल्या सगळ्यांच्या तोंडी तेच नाव बसलं. नेपाळी आणि पाकिस्तानी सुतारसुद्धा 'नॉर्वेकर का घर' म्हणू लागले.

रोशन मालवणकडचा, चौतीस वर्षांचा, हाताने चलाख आणि तोंडाने त्याहून. रामचंद्र कुडाळजवळचा, चोपन्नचा. त्याची बायको कावेरी गावी, मुलीचं लग्न होऊन गेलेलं. एकोणीस वर्षं तो आखातात होता. मुहैस्नाहच्या कामगार वस्तीत दोघं एकाच खोलीत राहायचे. रामचंद्र खालच्या पलंगावर, रोशन त्याच्या वर. खोलीत आणखी सहा जण.

पहिल्याच आठवड्यात कामाचं घोडं अडलं. अमेरिकेत घर सोडवताना प्रत्येक ओंडक्याला प्लास्टिकचा नंबर ठोकला होता. बंदरावर महिनाभर कंटेनर पडून राहिले, प्लास्टिक सुकून तडकलं आणि अर्ध्याहून जास्त नंबर कंटेनरच्या तळाशी कचऱ्यासारखे सापडले. मनालीचा चेहरा रडवेला झाला. प्रोजेक्ट मॅनेजर नीरव डोक्याला हात लावून बसला. रामचंद्र ओंडक्यांच्या टोकांवरून हात फिरवत हिंडू लागला. दोन दिवस त्याने दुसरं काही केलं नाही. तिसऱ्या दिवशी त्याने मनालीला बोलावलं आणि एका ओंडक्याच्या सांध्याच्या आतल्या अंगाला बोट लावायला सांगितलं. पटाशीने मारलेल्या तीन बारीक चिरा आणि शेजारी एक फुली.

"ही बांधणाऱ्याची खूण," तो म्हणाला. "जमिनीवर जुळवून बघायचं, खुणा करायच्या, मग उचलून चढवायचं. आम्ही छपराचे वासे असेच करतो. फुली असेल ती उत्तरेची भिंत असावी, कारण त्या लाकडाला बाहेरून ऊन लागलेलं दिसत नाही."

"काका, this is unbelievable," मनाली म्हणाली, आणि खरंच तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

त्या खुणांवरून घर उभं राहिलं. नीरवने खूश होऊन रामचंद्रला त्या कामापुरता चार्जहँड केला. म्हणजे पगारात नावाला वाढ, आणि कामाच्या सगळ्या सूचना आता त्याच्या तोंडून पंधरा माणसांपर्यंत जाणार. रामचंद्रला हे मनातून आवडलं होतं. कावेरीला त्याने फोनवर दोनदा सांगितलं.

एप्रिलअखेर भिंती माथ्याला लागल्या. दार इतकं ठेंगणं की कुणीही वाकूनच आत जायचं, आणि उंबरा गुडघ्याएवढा. थंडी आत येऊ नये म्हणून, मनाली म्हणाली. तिच्याकडे त्या कुटुंबाची फाइल होती. नवरा, बायको, पाच मुलं. एका हिवाळ्यात घटसर्पाने त्यांतली चार गेली, अकरा दिवसांत. जमीन गोठलेली असल्याने बापाला खणता येईना, म्हणून वसंत येईपर्यंत पेट्या घरामागच्या खोपटात ठेवल्या होत्या.  रोशनने विचारलं, "आणि ती आई? ती ऱ्हवली त्याच घरात?"

"हो. Forty more years."

 तरी घर रोशनला आवडलं. शेडमध्ये भट्टी पेटल्यासारखं व्हायचं, तेव्हाही त्या जाड लाकडाच्या आत सावलीचा गारवा असायचा. उन्हाळ्याची दुपारची सुट्टी सुरू झाली, साडेबारा ते तीन, तसा तो डबा खाऊन पोटमाळ्यावर जायचा आणि टॉवेल अंथरून ताणून द्यायचा. झोपण्याआधी रुपालीला, त्याच्या बायकोला, व्हिडिओ कॉल. "बघ गो, ह्यो आमचो बंगलो. माडी पण असा." आठ माणसांच्या खोलीत राहणाऱ्याला एकट्याने पडायला मिळणं ही केवढी चैन आहे, हे रामचंद्रला कळत होतं. त्याने कधी टोकलं नाही. उलट मनाली एकदा म्हणाली, की आर्टिफॅक्टमध्ये झोपणं योग्य नाही, तेव्हा रामचंद्रच म्हणाला, "घर आहे ते, ताई. झोपण्यासाठीच बांधलंय."

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पोटमाळ्याच्या तुळईखाली रामचंद्रला भुशाची बारीक रास दिसली. मैद्यासारखी मऊ, ताजी. त्याने लाकडाला कान लावला. आत कुरकुर चालू होती. वाळवी नव्हे, भुंगेरा. लाकडात वर्षानुवर्षं दडून राहणारा, ऊब मिळाली की जागा होणारा. त्याने लगेच मनालीला सांगितलं, मनालीने ऑफिसला. संग्रहालयवाल्यांचं म्हणणं आलं की जिवंत किडा असलेलं लाकूड आवारात येता कामा नये. खास बंद खोलीत नेऊन गॅस द्यायचा तर सगळं घर पुन्हा सोडवावं लागणार, तीन आठवडे जाणार. नीरवने मधला मार्ग काढला. शेडमध्येच, उभ्या घराला ताडपत्री आणि प्लास्टिक गुंडाळायचं, आत विषारी वायूच्या गोळ्या ठेवायच्या, पाच दिवसांनी उघडायचं. एक कंत्राटदार ठरला. पाच दिवस पहाऱ्याला माणूस ठेवायचा असं त्या कंत्राटदाराच्या कागदात होतं. ते कुणीतरी खोडलं.

शनिवारी दुपारी गोळ्या ठेवल्या गेल्या. दाराच्या बाजूला प्लास्टिकवर एक पिवळा कागद चिकटवला, कवटीचं चित्र, इंग्रजी आणि अरबी मजकूर. मागच्या बाजूला काही नाही, नुसत्या वाळूच्या पिशव्या. नीरव जाता जाता रामचंद्रला म्हणाला, "रामभाई, सबको बोल देना. गुरुवार तक कोई अंदर नहीं जाएगा. गॅस है, मजाक नहीं."

रामचंद्रने शेडमधल्या सगळ्यांना गोळा करून सांगितलं. हिंदीत, दोनदा. पंधरापैकी चौदा माणसं होती. रोशन त्या दिवशी व्हिसाच्या मेडिकलला गेला होता.

संध्याकाळी बसमध्ये त्याला आठवण होती. रोशनला सांगायचंय. खोलीवर पोचला तर रोशन बाजारातून बांगडे घेऊन आलेला. मग बांगडे साफ करणं आलं, कालवणात घालायला तिरफळं कुणाकडे आहेत याची शोधाशोध आली. रविवार सुट्टीचा. आख्खा दिवस दोघं एकाच खोलीत होते. एकत्र जेवले, कपडे वाळत घातले, रोशनने रामचंद्रचे केस कापून दिले. तो मागे उभा राहून कात्री चालवत होता आणि गावच्या जत्रेतल्या कुठल्याशा भांडणाची गोष्ट सांगत होता. रामचंद्र हसत होता. सांगायची गोष्ट डोक्यातून पार निसटली होती.

सोमवारी सकाळी मनाली गाडी घेऊन वस्तीच्या दाराशी आली. संग्रहालयाच्या जागेवर पायाचं माप घ्यायचं होतं. रामचंद्र निघाला तेव्हा रोशन अजून आंघोळीच्या रांगेत होता.

दुपारी सव्वातीनला नीरवचा फोन मनालीला आला. ती वाळवंटात मापाची पट्टी धरून उभी होती. तिने ऐकलं आणि पट्टी टाकून ती रामचंद्रकडे आली. "रोशन आत गेला होता," ती म्हणाली. "घरात. काका, he was inside."

रामचंद्रला प्रथम काही कळलंच नाही. मग कळलं, आणि तो गाडीकडे धावला.

नेहमीसारखाच रोशन डबा खाऊन मागच्या बाजूने गेला होता. शेजारी घासकाम चालू असलं की धूळ बसू नये म्हणून घराला प्लास्टिक यापूर्वीही घातलेलं असायचं. त्याने वाळूची एक पिशवी सरकवली, मागच्या खिडकीतून आत शिरला आणि वर चढला. शेडमध्ये डिंक, थिनर आणि डिझेलचा वास कायम भरलेला. त्यात आणखी एक वास वेगळा कळणार कसा? बाकीचे लोक शेडच्या दुसऱ्या टोकाला पंख्याखाली पडले होते. तीन वाजता तो दिसेना तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं. तोवर तो स्वतःच ओकाऱ्या काढत खिडकीपर्यंत रांगत आला होता.

रामचंद्र आणि मनाली हॉस्पिटलात पोचले तेव्हा रोशन शुद्धीवर होता. तेच वाईट होतं. छातीला तारा, नाकाला नळी, ओठ निळसर, पण डोळे उघडे आणि ओळख पटलेली. डॉक्टर मनालीला बाजूला घेऊन इंग्रजीत बोलले. या विषावर उतारा नाही, हृदय किती साथ देतं ते बघायचं.

"काका," रोशन म्हणाला, "डोक्यार घण घातल्यासारखा वाटता. काय झाला माका?"

"बरो होतलंस. पडून ऱ्हव."

"प्लास्टिक धुळीसाठी घातलेला मां?"

रामचंद्रने त्याचा हात धरला होता. तो हात थंड आणि ओला होता. खोलीत नर्स होती, मनाली होती. सांगायचं तर एवढंच होतं: नाही रे, विष होतं, आणि मला माहीत होतं. 

"तू आधी बरो हो," तो म्हणाला. "मगे बोलूया."

"रुपालीक सांगू नको. घाबरतली ती."

"नाय सांगणंय."

दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी रोशनचं हृदय थांबलं. रामचंद्र बाहेरच्या बाकावर होता. कुणीतरी त्याच्या हातात एक पारदर्शक पिशवी दिली. आत पाकीट, चपला, आणि फोन. फोनवर रुपालीचे सात मिस्ड कॉल होते, आणि तो हातात असतानाच आठवा वाजू लागला. त्याने घेतला नाही. नंतर ऑफिसच्या माणसाने तिला कळवलं.

मृतदेह गावी पाठवायला नऊ दिवस लागले. पोलिसांचे कागद, दूतावासाचे कागद, शिक्के. रामचंद्र प्रत्येक ठिकाणी गेला. शेवटी शवपेटीवर झाकण बसवताना तिथल्या माणसाने ते जरा वाकडं ठेवलं, तर याने पुढे होऊन सरळ केलं, आणि मग त्याला स्वतःच्या हातांची इतकी शिसारी आली की तो बाहेर जाऊन ते नळाखाली धूत राहिला.

त्याच आठवड्यात नीरवने त्याला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर इंग्रजीत टाइप केलेलं एक पान होतं. नीरवचे डोळे सुजलेले होते, दाढी वाढलेली. तो वाईट माणूस नव्हता. घाबरलेला होता.

"इसमें इतना ही लिखा है कि आपने सबको बताया था. रोशन को भी. फोन पे. वो फिर भी गया. बस."

"मैंने रोशन को नहीं बताया, साब."

नीरवने डोळे मिटून घेतले. "रामभाई, समझो. आपने नहीं बताया तो केस आप पे भी बनेगा. मुझ पे तो बनेगा ही. जो चला गया, उसको कोई जेल में नहीं डालेगा. कल तक साइन कर दो. खलास."

परत जाताना मनालीने गाडीत ते पान त्याला मराठीत वाचून दाखवलं. वाचताना ती दोनदा अडखळली. मग गाडी बाजूला घेऊन थांबली.

"काका, मी पण त्या मेलमध्ये होते. पहारा काढून टाकल्याचा मेल. मला पण आला होता. मी बघितला आणि पुढचा मेल उघडला." ती स्टिअरिंगकडे बघत बोलत होती. "रोशन रोज दुपारी तिथे झोपतो हे मला माहीत होतं. Everybody knew. मला एकदासुद्धा strike झालं नाही."

रामचंद्रने तिच्याकडे पाहिलं. त्याच्या मुलीपेक्षा दोन वर्षांनी लहान असेल.  त्याने तिच्या हातातलं ते पान घेतलं आणि घडी करून खिशात ठेवलं.

सहीचा कागद त्याने उशाखाली ठेवला. खोलीतले सगळे म्हणत होते, कर सही. गेलेला गेला, काका, तुम्ही कशाला स्वतःला लटकवून घेताय? कावेरीसुद्धा फोनवर हुंदके देत तेच म्हणाली. आणि त्याचं मन सहीकडे झुकलं होतं, हे खोटं कशाला सांगा. चोपन्नाव्या वर्षी परमुलखात तुरुंग म्हणजे काय, हे तो ऐकून होता. सकाळी सही करायची असं त्याने ठरवलंही.

सकाळी सहा वाजता, बसच्या रांगेत तो उभा असताना, रुपालीचा फोन आला. पेटी घरी पोचून क्रियाकर्म चालू होतं. मागे बायकांचे आवाज येत होते. तिचा आवाज मात्र कोरडा होता.

"काका, ऑफिसातून फोन इललो. ते म्हणतत ह्येंका सांगितलला, बोर्ड लावललो, तरी हे आत गेले. माका ता पटणा नाय. तुमी थंय होतात. काय ता खरा सांगा."

रांग पुढे सरकत होती. मागच्याने ढकललं. रामचंद्र रांगेतून बाहेर पडला आणि भिंतीशी जाऊन उभा राहिला.

"रुपाली," तो म्हणाला, "त्याका कोणी सांगूकच नाय. बोर्ड पुढल्या दाराक होतो, तो मागसून गेलो. बोर्ड इंग्लिशमधी होतो."

"मगे सांगूचा कोणी होता?"

"मी."

त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"सगळ्यांका सांगितलंय मी. तो त्या दिवशी नव्हतो. मगे रविवारभर आमी एकत्र होतो, बाय. माझे केस कापल्यान त्येणा. माझ्याकडून सांगूचा रवला."

 मग रुपाली म्हणाली, "पुन्ना माका फोन करू नकात," आणि फोन बंद झाला.

बस निघून गेली होती. रामचंद्रने मनालीला फोन करून बोलावून घेतलं, उशाखालचा कागद आणून तिच्या हातात दिला, सही न करताच, आणि मला तपास करणाऱ्या साहेबांकडे घेऊन चला म्हणाला. ती निघाली. जाताना तिने स्वतःचा लॅपटॉप बरोबर घेतला.

सरकारी वकिलांच्या कचेरीत एक अनुवादक होता. रामचंद्र हिंदीत बोले, तो अरबीत सांगे. प्रश्न फार नव्हते. आत विष आहे हे तुला माहीत होतं? होतं. इतरांना सांगायची जबाबदारी तुझी होती? होती. मृताला सांगितलंस? नाही. तो तिथे झोपतो हे माहीत होतं? होतं. मग का नाही सांगितलंस?

 खरं कारण इतकं लहान होतं की ते तोंडातून बाहेर काढायची लाज वाटत होती.

"भूल गया, साब."

अनुवादकाने ते अरबीत सांगितलं. एकच शब्द. लिहिणाऱ्याने मान वर करून रामचंद्रकडे पाहिलं आणि तो शब्द लिहून घेतला.

मनालीचे मेलही त्या दिवशी दाखल झाले. आठवडाभरात तिची नोकरी गेली. खटला सात महिने चालला. तोवर रामचंद्रचा पासपोर्ट कोर्टात, देश सोडायला बंदी. कंपनी त्याला काढू शकली असती, पण संग्रहालयाला घर हवं होतं आणि त्या खुणा वाचणारा दुसरा कोणी नव्हता. नीरवच्या जागी आलेल्या नव्या मॅनेजरने तोंड न बघता त्याला सांगितलं, काम पूर्ण करा.

गॅस कधीच निघून गेला होता, तपासनीसांनी घर मोकळं केलं होतं. पहिल्या दिवशी रामचंद्र वाकून आत गेला आणि शिडीशी पोचून थांबला. वर जायला त्याला तासभर लागला. पोटमाळ्यावर काहीच नव्हतं. टॉवेल पोलिसांनी नेला होता. तुळईखाली मात्र तिळाएवढे काळे भुंगेरे मरून पडले होते, मूठभर. गोळ्यांनी आपलं काम चोख केलं होतं. त्याने ते झाडून एका कागदात गोळा केले आणि कागद हातात धरून तसाच बसून राहिला. शेवटी खालून कुणीतरी हाक मारली.

नोव्हेंबरात घर सोडवून वाळवंटात नेलं आणि तिथे पुन्हा चढवलं. एक्याऐंशी ओंडके, त्याच क्रमाने. रोज सकाळी काम सुरू होण्याआधी रामचंद्र सगळ्या माणसांना उभं करायचा. आज काय उचलायचं, कुठे पाय द्यायचा नाही, कुठली दोरी कच्ची आहे. तो एकेकाचं नाव घेऊन विचारायचा, मी काय सांगितलं, बोल. नवीन पोरं कंटाळायची, पण हसलं कुणी नाही. कोणी गैरहजर असेल तर त्याचं नाव तो हातावर बॉलपेनने लिहून ठेवायचा, आणि रात्री आंघोळ करतानाही ते पुसू द्यायचा नाही.

खोलीतल्या वरच्या पलंगावर आता उत्तर प्रदेशातला एक वेल्डर आला होता. चांगला माणूस. घोरायचा नाही. रामचंद्रला वाटायचं, घोरला असता तर बरं.

फेब्रुवारीत निकाल लागला. कंपनीला दंड, नीरवला आणि रामचंद्रला निष्काळजीपणाची शिक्षा. रामचंद्रने आपणहून सांगितल्यामुळे त्याची कैद स्थगित झाली, पण व्हिसा रद्द. मृताची चूक नाही असं निकालपत्रात स्पष्ट लिहिलं होतं, त्यामुळे रुपालीची भरपाई कुणाला अडवता आली नाही. मनालीने ती ओळ त्याला फोनवर वाचून दाखवली, आधी इंग्रजीत, मग मराठीत. ती आता एका इंटिरियरवाल्याकडे स्वयंपाकघरांची डिझाइनं करत होती. "काका, ऐकताय ना?" तिने विचारलं. तो ऐकत होता. त्याला वाटलं होतं, हे ऐकून कुठेतरी थोडं सैल होईल. तसं काही झालं नाही.

घर त्याच आठवड्यात लोकांसाठी खुलं झालं. तो गेला नाही.

परतीचं विमान गोव्यातल्या मोप्याचं होतं, सकाळी साडेदहाचं. विमानतळावर त्याने कावेरीला फोन करून वेळ सांगितली. मग बराच वेळ फोन हातात फिरवत बसला. आठ महिन्यांत त्याने रुपालीचं म्हणणं मोडलं नव्हतं. फोन आजही केला नाही, मेसेज लिहिला. एका बोटाने, जोडाक्षरं शोधत. मी आज गावी येतोय. तुझी हरकत नसेल तर उद्या घरी येऊन जाईन. दारातच उभा राहीन. नको म्हणालीस तर येणार नाही.

उत्तराची त्याला आशा नव्हती. बोर्डिंगची रांग लागली, तो पिशवी उचलून शेवटी उभा राहिला, तेव्हा फोन थरथरला.

"या," तिने लिहिलं होतं. "ह्येंच्या आईक मी अजून काय सांगूक नाय. तिका वाटता झील झोपेत हार्ट अटॅकान गेलो. तिका खरा कळूक व्हया. पण माझ्या तोंडातसून ता येणा नाय. तुमी येवन सांगा. सकाळी या, दुपारी ती झोपता."

रांगेतला पुढचा माणूस पुढे गेला. काउंटरवरच्या मुलीने रामचंद्रकडे पाहून हात पुढे केला. "सर, बोर्डिंग पास?"

"एक मिनट," तो म्हणाला. रांगेतून बाजूला झाला, पिशवी खाली ठेवली, आणि उभ्या उभ्या लिहिलं: "सकाळी येतंय."